दोघांचा गोंधळ, ७० माणसांची खोली : संबळ, तुणतुणं आणि आवाजाचं गणित

कोपऱ्यातला_श्रोता (धागाकर्ता)

पुण्यात एका छोट्या म्युझिक क्लबात गोंधळी जोडी येतेय. फक्त दोघं. एक संबळ वाजवून झील धरणार (मुख्य गाणाऱ्याची ओळ मागून उचलणार), दुसरा तुणतुण्यावर मुख्य गाणार आणि निरूपणही करणार. वेळ ७५ मिनिटं.

खोली ९ मीटर लांब, ६ मीटर रुंद, ३ मीटर उंच. फरशी, प्लास्टरच्या भिंती, एका बाजूला काच. दोन स्पीकर, आठ चॅनलचा मिक्सर, चार साधे डायनॅमिक माईक. एसी छताला. आयोजक मंडळी गिटारवाल्यांना सरावलेली आहेत, चामड्याच्या वाद्यांना नाहीत.

दोन बाजूंनी माहिती हवी आहे : मांडणी करणाऱ्याने काय करायचं, आणि ऐकायला जाणाऱ्याने कुठे बसायचं, कशाकडे कान द्यायचा. 'साउंडवाल्याला सांगा, तो बघेल' हे उत्तर नको, तो हाच धागा वाचणार आहे.

---

वादी_खुंटी

आधी वाद्यं समजून घ्या, म्हणजे माईकचं कोडं निम्मं सुटेल.

संबळ म्हणजे तबल्याची जोडी नव्हे. दोन भांडी एकमेकांना घट्ट बांधलेली असतात, एक लहान तोंडाचं आणि कडक आवाजाचं, दुसरं मोठं, खर्जाचं. खोड लाकडाचं किंवा धातूचं. कमरेला बांधून उभ्याने वाजवतात आणि हाताने नाही, काठ्यांनी. मोठ्या भांड्यावरच्या काठीचं टोक वाकडं असतं. ते नुसतं आपटत नाहीत, चामड्यावर घासतातही. तो जो 'घुंऽऽ' असा वर चढत जाणारा आवाज येतो तो घासण्याचा, आणि संबळाचा जीव तिथेच आहे. लहान भांडं फक्त टणटण करतं आणि ते करायला त्याला कुठल्याच माईकची गरज नसते.

तुणतुणं : खाली लाकडी नळकांडं, तळाला चामडं, बाजूला उभा बांबू, वर खुंटी, एक तार. तारेचं खालचं टोक चामड्याच्या मध्यातून आत जातं आणि आत गुंडीला किंवा चामड्याच्या चकतीला गाठवलेलं असतं. ही चकती फार महत्त्वाची. ती झिजली की तार चामडं कापत जाते, भोक रुंदावतं, सूर धरत नाही आणि एक दिवस तार चामड्यातून सपशेल सुटून येते. कार्यक्रमाआधी आत बोट घालून चकती चाचपून बघा. जादा तार, जादा चकती, बारीक पक्कड एवढं पिशवीत हवंच. ऐन वेळी तार मिळाली नाही तर गिटारची दहा नंबरची साधी तार (०.२५ मिमी) चालून जाते.

आता दोघांचं दुखणं एकच, हवेतला ओलावा. चामडं ओलं झालं की सैल पडतं. संबळ नुसता मंदावतो. तुणतुण्याचं मात्र चामडं सैल म्हणजे तारच सैल, म्हणून सूर थेट खाली येतो. गायक पट्टी सोडतोय असं प्रेक्षकांना वाटतं, प्रत्यक्षात तुणतुणं त्याला खाली ओढत असतं.

---

ध्वनिवाला

खोलीची मापं दिलीत ते बरं केलंत. रुंदी उंचीच्या बरोबर दुप्पट आहे, ही वाईट बातमी.

आवाजाचा वेग सेकंदाला ३४३ मीटर. समोरासमोरच्या दोन भिंतींमध्ये ज्या सुरांना खोली स्वतःहून फुगवते त्यातला पहिला सूर = ३४३ ÷ (२ × अंतर). ३ मीटर उंचीचा पहिला सूर ५७ हर्ट्झ. ६ मीटर रुंदीचा पहिला साडेअठ्ठावीस, दुसरा पुन्हा ५७. पुढे ११४ वरही दोघांची गाठ पडते. म्हणजे ५७ आणि ११४ या दोन ठिकाणी खोली दुप्पट उत्साहाने घुमणार. मोठ्या भांड्याचा सूर ११४ च्या आसपास लागला तर घासण्याची ती वर चढणारी मींड एका जागी येऊन 'बूम' करते आणि तिथेच अडकते.

मिक्सरवर ११४ कापून उपयोग शून्य, कारण तो आवाज स्पीकरमधून येतच नाही, भांड्यातून येतो. उपाय जागेचा. ६ मीटर रुंदीत माणूस बरोबर मधोमध उभा केला तर तो या दोन्ही सुरांच्या शिखरावर उभा राहतो. त्याला पाऊण मीटर डावीकडे किंवा उजवीकडे सरकवा, म्हणजे एका बाजूच्या भिंतीपासून सव्वादोन मीटरवर. रुंदीमुळे घुमणारा ११४ तिथे जवळपास मरतो. उंचीमुळे येणारा राहतोच, पण दोघांपैकी एक शत्रू गेला.

दुसरी गोष्ट, रिकाम्या खोलीत साउंड चेक करून खूश किंवा नाराज होऊ नका. खोलीचं घनफळ १६२ घनमीटर. सॅबाइनच्या सूत्राने रिकाम्या, कडक भिंतींच्या खोलीत आवाज विरायला अडीच सेकंदांच्या आसपास लागतात. ७० माणसं आली की तोच आकडा पाऊण सेकंदाच्या आत येतो. माणूस हा उत्तम गादीवजा पदार्थ आहे. काचेवर मात्र जाड, चुण्यांचा पडदा ओढाच. काच आणि समोरची भिंत यांच्यात लहान भांड्याचा प्रत्येक ठोका टर्रर्र करत फिरतो.

---

रिकामटेकडा

धागा वाचनखुणेत. पॉपकॉर्न नाही, ज्वारीच्या लाह्या घेऊन बसलोय.

एक बाळबोध प्रश्न. गोंधळाला चार माणसं लागतात ना? नाईक (मुख्य गाणारा), संबळ, तुणतुणं, झांज-दिवटी (तेलाची मशाल). दोघांत काय कापलं जातं?

---

परडी

@रिकामटेकडा, प्रश्न बाळबोध नाही. संच चारचा असतो तेव्हा नाईकाचे हात मोकळे असतात. तो हातवारे करतो, पुढे येतो, सोंग घेतो. दोघांत नाईकाच्या हातात तुणतुणं अडकतं. निरूपण सुरू झालं की तो ते बगलेत धरतो, वाजवणं थांबतं, पुढच्या पदाला पुन्हा छेडतो. म्हणजे मधल्या काळात षड्ज हवेत नसतो. चांगली जोडी यावर तोड काढते : निरूपणाच्या शेवटच्या वाक्याखाली संबळवाला लहान भांड्यावर हलका ठेका धरतो, नाईक दोन-तीन वेळा तार छेडून कानाने पट्टी पकडतो आणि मग उचल घेतो. ती दोन-तीन छेडणी ऐकू आली पाहिजेत. साउंडवाल्यांनी निरूपणात तुणतुण्याचा माईक बंद केला आणि उघडायला विसरले, की गायक अंधारात उडी मारतो.

दुसरं कापलं जातं ते म्हणजे झील. चारात दोघं-तिघं झील ओढतात, त्यात भरणा असतो. इथे एकटा संबळवाला. त्यामुळे तो झील नाईकाच्या शेवटच्या अक्षरावरच चढवतो, थांबून नाही. दोन आवाज अर्धा-पाऊण मात्रा एकमेकांवर राहतात आणि दोघांचे चार झाल्यासारखे वाटतात. ऐकणाऱ्याने कान द्यायची पहिली जागा हीच.

सवाल-जवाब मात्र दोघांत उलट खुलतात. साथीदार भाबडे, वेडगळ प्रश्न विचारतो, नाईक उत्तर देता देता आख्यान पुढे रेटतो. तिसरा-चौथा माणूस नसला की प्रश्नाला टोक येतं.

---

ध्वनिवाला

माईककडे येतो. चार माईक आहेत, तीनच लावा.

१. नाईकाचं गाणं : एसएम ५८ (गाण्याचा नेहमीचा डायनॅमिक माईक) किंवा तत्सम. तोंडापासून चार बोटं. १०० हर्ट्झच्या खालचं कापा. अगदी ओठाला लावला तर खर्ज फुगतो आणि उंच पट्टीचा आवाज उगाच जाडा होतो.

२. तुणतुणं : एसएम ५७ (त्याचाच वाद्यांसाठीचा भाऊ) असेल तर उत्तम. तळाच्या चामड्यापासून १० ते १५ सेंटीमीटर, रोख मध्यावर नाही, काठाकडे. मध्यावर रोखलात तर तारेचा खणखणाट जास्त आणि लाकडाचा आवाज कमी. १५० च्या खालचं सगळं कापा, तिथे तुणतुण्याचं काहीच नाही, फक्त संबळाची गळती आहे. माणूस हलणार हे गृहीत धरा. जमिनीवर चिकटपट्टीची एक फुली मारा आणि त्याला सांगा, गाताना इथे, निरूपणात कुठेही.

३. संबळवाल्याची झील : चूक होते ती इथे. बहुतेक जण स्टँड उंच करून माईक वरून खाली तोंडाकडे वळवतात, काठ्यांना अडचण नको म्हणून. मग माईकच्या नजरेत आधी तोंड आणि सरळ मागे संबळ. फेडर (मिक्सरवरची आवाजाची पट्टी) वर केला की झील कमी, टणटण जास्त. उलट करा. बूम स्टँड बाजूने आणा, माईक छातीच्या उंचीवर, खालून वर तोंडाकडे तिरपा. कार्डिऑइड माईक पाठीमागून सगळ्यात कमी ऐकतो, आणि आता त्याची पाठ संबळाकडे आहे.

संबळाला माईक नाही. खोलीत पहिल्या रांगेपर्यंत तो जसा आहे तसाच पुरतो, शेवटच्या रांगेपर्यंतही.

---

जर्सीचा_पाहुणा

एकाच कंडेन्सर (जास्त संवेदनशील) माईकभोवती दोघांनी गायचं, ही इकडे अमेरिकेतल्या ब्लूग्रास (लोकसंगीताचा एक प्रकार) जोड्यांची जुनी पद्धत. मागेपुढे सरकून स्वतःच मिक्सिंग करायचं. ते का नको? दिसायलाही छान दिसतं.

---

ध्वनिवाला

@जर्सीचा_पाहुणा, गिटार-मेंडोलिनला ते जमतं कारण वाद्य आणि गळा साधारण एकाच ताकदीचे असतात. इथे एका वाद्याची ताकद गळ्याच्या कितीतरी पट आहे. संबळवाल्याला दोन मीटर मागे ढकलावं लागेल, मग त्याची झील कोण ऐकणार? शिवाय कंडेन्सर म्हणजे छोट्या खोलीत शिट्टीला (फीडबॅकला) आमंत्रण. संबळाऐवजी डिमडी (छोटी डफली) असती तर हो म्हटलं असतं.

---

वादी_खुंटी

संबळाला माईक नाही, हे ९०% मान्य. १०% तक्रार अशी : लहान भांडं खोली फोडतं, पण मोठ्याची घासणी मागच्या रांगेपर्यंत पोचत नाही, माणसांत विरते. चौथा माईक मोठ्या भांड्याच्या तळाशी, चामड्याकडे नव्हे, खोडाजवळ लावा आणि फेडर अगदी किंचित उघडा. ऐकू येतोय असं वाटलं की जास्त झाला.

---

ध्वनिवाला

करून बघा, पण ४०० च्या वरचं सगळं कापा, नाहीतर त्यातून लहान भांडंच परत येईल. आणि खोलीत घुमारा आधीच असेल तर पहिला बंद करायचा तो हाच.

---

परडी

कॉलर माईकचा मोह टाळा. नाईकाच्या गळ्यात कवड्यांची माळ असते. अंगरख्याला लावलेला माईक आणि कवड्या यांची गाठ पडली की स्पीकरमधून गारा पडल्यासारखा आवाज येतो. माळ काढा म्हणून सांगायचं नाही. ती वेशभूषा नाही, देवीची खूण आहे. फार तर कानाला अडकवायचा हेडसेट, तोही गालाजवळ.

---

कोपऱ्यातला_श्रोता

हे सोनं आहे. आता दोन शंका. एसीचं काय करायचं? आणि दिवटी पेटवायचं म्हणतायत, छताला लाल कुपीचे स्प्रिंकलर आहेत.

---

वादी_खुंटी

एसी : बाहेर पावसाळी हवा असेल तर चामडं ओलं येणार, एसीत येऊन सुकणार, म्हणजे सूर वर चढणार. उन्हाळ्यातही एसीचा झोत थेट आला तर तेच. म्हणून वाद्यं दोन तास आधी खोलीत आणा, खोळीतून बाहेर काढून ठेवा, एसी कार्यक्रमात जेवढा असेल तेवढ्यावरच आधीपासून चालवा. सूर शेवटच्या वीस मिनिटांत लावा, आधी लावून फायदा नाही. झडपेचा झोत मंचावरून वळवा.

चामडं फारच ढिलं असेल तर शेकायचं. हॅलोजनचा दिवा दीड-दोन फुटांवर, पाच मिनिटं, भांडं फिरवत. मध्ये स्वतःचा हात धरून बघा. हाताला सोसत नाही ते चामड्यालाही सोसत नाही. घाईत जवळ धरलं की मध्य ताणला जातो आणि काठाशी, वादीच्या (चामडं ताणणाऱ्या पट्टीच्या) भोकापाशी चीर जाते. ती चीर दिसत नाही, तिसऱ्या गाण्याला ऐकू येते.

तुणतुणं शेकत बसू नका. खुंटी पीळ द्यायला पुरते. पण पीळ देताना बांबूवर हात नको. बांबू दाबला की तार सैल होते, तुम्ही त्या सैल तारेवर सूर लावता आणि हात काढल्यावर तो चढलेला असतो.

---

जर्सीचा_पाहुणा

इकडच्या मंडळांसाठी उलटी सूचना. हिवाळ्यात हीटरने घरातली हवा इतकी कोरडी होते की चामडं आपोआप ताणलं जातं आणि रात्रीत फाटतं. कार्यक्रम संपला की संबळाची दोरी थोडी ढिली करा, तुणतुण्याची खुंटी दोन पीळ उलट फिरवा, खोळीत ओलसर स्पंजची छिद्रं पाडलेली डबी ठेवा (गिटारवाले वापरतात तीच). स्पंज चामड्याला टेकू देऊ नका.

---

परडी

दिवटी. लाल कुपीचे स्प्रिंकलर ६८ अंश सेल्सिअसला फुटतात, धुराने नाही, उष्णतेने. ३ मीटरच्या छताखाली हातात उंच धरलेली तेलाची दिवटी म्हणजे ज्योत आणि कुपी यात मीटरभरही अंतर राहत नाही. एक कुपी फुटली तरी खाली मिक्सर, स्पीकर, संबळ सगळं आंघोळ करणार. स्मोक डिटेक्टर वेगळा असेल तर तो धुराने बोंबलेल, आणि तो आयोजकाने परस्पर बंद करायची गोष्ट नाही, इमारतीच्या व्यवस्थापनाकडूनच.

मार्ग असा. मांडणी मंचावर करा : पाट, त्यावर नवा खण, तांदूळ, कलश, विड्याची पानं, नारळ, भोवती पाच ताटांचा (उसाची किंवा ज्वारीची) बांधलेला मांडव. ताटं तीन-साडेतीन फुटांची घ्या, पूर्ण उंचीची छताला लागतील आणि मागच्यांना काही दिसणार नाही. समई मांडणीपुढे, पितळी ताटात. दिवटी पेटवायची असेल तर सुरुवातीला दाराबाहेर, मोकळ्यावर, बुधलीतून तेल घालून. तिथेच उदो करून ती ओल्या गोणपाटाने विझवायची आणि मग आत. वाळूची बादली आणि एक माणूस, ज्याचं दुसरं काहीही काम नाही. हे जोडीला आठवडाभर आधी विचारा. काही जण बाहेर पेटवून आत विझवलेली दिवटी आणायला नाही म्हणतील. मग समईवर भागवा, पण एलईडीची खोटी दिवटी त्यांच्या हातात देऊ नका.

---

चिकित्सक_तात्या

थोडं बोचणारं विचारतो. गोंधळ हा कुळधर्म. लग्नानंतर घालतात, तुळजापूरच्या भवानीला आणि माहूरच्या रेणुकेला बोलावतात. तिकीट लावून, खुर्चीवर बसून, हातात कॉफी घेऊन तो 'ऐकायचा' म्हणजे नेमकं काय?

---

परडी

तात्या, रास्त आहे. पण उत्तर जोडीकडेच असतं, आपल्याकडे नाही. विधी आणि खेळ यातला फरक ते आपल्यापेक्षा चोख पाळतात. आयोजकाने आधी एकच विचारायचं : घट बसवून विधीचा गोंधळ करणार, की मंचावरचा? पहिलं असेल तर पादत्राणं दाराबाहेर, खाणंपिणं बंद, मध्ये उठणं नाही, आरतीला सगळे उभे. दुसरं असेल तर मोकळीक. सगळा घोटाळा होतो तो अर्धं-अर्धं ठेवल्याने. मंचावर घट आणि पहिल्या रांगेत सँडविच.

---

चिकित्सक_तात्या

मान्य. सँडविच ही अतिशयोक्ती नसावी अशी शंका आहे.

---

परडी

७५ मिनिटांचं अंदाजी वाटप, रात्रभराचा गोंधळ कापून. गण (गणेशवंदना) ५ मिनिटं. आवाहन १०, म्हणजे 'कोल्हापूरची लक्ष्मी, तुळजापूरची भवानी, माहूरची रेणुका, जेजुरीचा खंडोबा, गोंधळा ये' ही हाक. देवीची पदं १५. आख्यान ३५. आरती ५. उरलेली पाच मिनिटं सूर लावण्यात जातात आणि जाऊ द्यावीत.

आयोजक नेमकं उलटं सुचवतात, 'आख्यान कमी, गाणी जास्त'. तसं करू नका. पदं वेगळी काढली की ती भक्तिगीतांच्या कार्यक्रमासारखी वाटतात. जोडीची खरी कसोटी आख्यानात. जांभूळ आख्यान, हरिश्चंद्र, चिलया बाळ यातलं एकच घ्या आणि पूर्ण होऊ द्या. चिलया बाळ निवडलंत तर लहान मुलं घेऊन येणाऱ्यांना आधी कल्पना द्या.

आवाहनात लय ऐका. प्रत्येक देवतेच्या नावाची लांबी वेगळी, पण 'गोंधळा ये' ठरलेल्या जागीच पडतं. लांब नाव आलं की गायक अक्षरं आवळतो आणि संबळवाला त्या वेळी भरणा काढून घेऊन फक्त ठोका ठेवतो. दोघांत किती वर्षांची ओळख आहे ते या एका ओळीत कळतं.

---

रिकामटेकडा

बसायचं कुठे ते राहिलं.

---

ध्वनिवाला

खोली ५४ चौरस मीटर, मंचाचे १२ सोडले तर ४२. त्यात ७० खुर्च्या नीट बसत नाहीत, माणसं गुडघ्याला गुडघा लावतील. पुढे तीन रांगा सतरंजीवर, मागे खुर्च्या. मंचाचा फळा एक फुटापेक्षा उंच नको.

पहिली रांग संबळापासून निदान अडीच मीटरवर. त्याच्या आत लहान भांडं कानाला लागतं, लहान मुलांना तिथे बसवूच नका. सगळ्यात चांगली जागा तिसरी-चौथी रांग, मधल्या रेषेच्या जरा बाजूला, नाईकाच्या समोर. शेवटची रांग भिंतीला चिकटवू नका, तिथे खर्ज साचतो. अर्धा मीटर सोडला तरी फरक पडतो.

---

हिशेबनीस

कागदपत्रांपुरतं. रात्री १० ते सकाळी ६ ध्वनिवर्धकाला बंदी आहे, बंद सभागृहाला सूट असली तरी आवाज हद्दीबाहेर जाऊन शेजाऱ्यांना भोवला की नियम लागतो. निवासी भागाची मर्यादा दिवसा ५५, रात्री ४५ डेसिबल. खिडकी उघडी ठेवून संबळ वाजला तर स्पीकर बंद असूनही ती ओलांडली जाईल. साडेसातला सुरू करा.

लोककलाकाराचं सादरीकरणाचं मानधन दीड लाखापर्यंत असेल तर त्यावर जीएसटी नाही, तिकीट माणशी ५०० रुपयांपर्यंत असेल तर प्रवेशावरही नाही. प्रवासखर्च आणि जेवण मानधनातून वळतं करू नका, वेगळं लिहा. आणि आरतीच्या ताटात जमलेले पैसे जोडीचे, ते हिशेबात धरून मानधन कमी करायचं नसतं.

---

कोपऱ्यातला_श्रोता

सगळ्यांचे आभार. आयोजकांना धागा पाठवला. संबळवाला सव्वादोन मीटरवर, काचेवर पडदा, तीन माईक आणि चौथा 'किंचित', दिवटी दाराबाहेर (जोडीला फोन करून विचारणार). एक राहिलं : स्टेज मॉनिटर लावायचे का?

---

ध्वनिवाला

नाईकाला एक, लहानसा, त्यात फक्त तुणतुणं. त्याला संबळाच्या गदारोळात स्वतःची तार ऐकू येत नाही, बाकी सगळं येतं. गाणं मॉनिटरमध्ये घालू नका, शिट्टी वाजेल. संबळवाल्याला काही नको.

---

वादी_खुंटी

आणि मॉनिटर तुणतुण्याच्या चामड्यासमोर ठेवू नका. चामडंच थरथरायला लागतं आणि तार न छेडता वाजते. नाईकाच्या डाव्या खांद्यामागे, जमिनीवर तिरपा, वीट लावून.